पोतनीस मास्तरांचा अर्धा पेढा

पोतनीस मास्तर गेल्या थंडीत पुण्यात वारले. इथल्या, बडोद्याच्या मंडळाने त्यांच्यावर पुस्तिका काढायची ठरवली, आणि जो तो मास्तरांनी आपलं आयुष्य कसं घडवलं ते लिहून पाठवतोय. कोणी अमेरिकेतून, कोणी कुठून. मलाही निरोप आला, सोनवणे, तुम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहिलात, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, माझ्याकडून चांगलं लिहून होणार नाही. ते म्हणाले, शुद्धलेखनाचं आम्ही बघू. मी म्हटलं, शुद्धलेखनाचं नाही म्हणत मी.

तरी लिहितो. छापायचं तर छापा.

रावपुऱ्यात आमच्या गल्लीत मास्तर वर आणि आम्ही खाली. मी खानदेशातून पोटासाठी आलेला. वाघोडियाच्या कारखान्यात जन्मभर प्रेसवर उभा राहिलो, त्यात उजवा कान गेला. मास्तर इथलेच, बडोद्याचे. पोतनीस म्हणजे राजाचा खजिना सांभाळणारे. खजिना केव्हाच गेला, आडनाव राहिलं. मास्तर मराठी शाळेत गणित शिकवायचे. पुढे पोरं मिळेनात म्हणून ती शाळाही बंद झाली. मग ते घरीच शिकवायला लागले. पैसे घेत नसत. बायको फार लवकर गेलेली, एकुलता मुलगा अरविंद पुण्यात. मास्तरांना दुसरं होतं तरी काय?

अंगात पांढरा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली. बारा महिने हातात छत्री. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसात पावसासाठी. एकदा भर थंडीत मी विचारलं, मास्तर, आता कशाला? तर म्हणे, "सवय मोडली की माणूस मोडतो, सोनवणे." मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. "सिद्ध कर." पोरगं म्हणालं, मास्तर, उत्तर बारा, की सिद्ध कर. पोरांचं ठीक, पण बाजारातही तेच. माझी बायको शालन त्यांच्याबरोबर कधीमधी खंडेराव मार्केटला जायची आणि घरी येऊन नक्कल करून दाखवायची. भाजीवाली म्हणाली, काका, एकदम ताजी छे. मास्तरांनी भेंडी उचलली, उन्हात धरली, म्हणाले, "सिद्ध कर." ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, आ भींडा छे, दाखलो नथी." म्हणजे ही भेंडी आहे, गणित नाही. सगळा बाजार हसला. मास्तरही हसले, पण भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेतली नाही. तेव्हापासून तिथे त्यांचं नाव सिद्धकाका पडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक पुसायची नाही. वर पोरं बसलेली असायची आणि मास्तरांचा आवाज जिन्यातून खाली यायचा. "पुसू नकोस! चूक दिसू दे. तिच्यावर एक आडवी रेघ मार आणि पहिल्या ओळीपासून कर." माझ्या एका कानालाही तो ऐकू यायचा. घरात पोळी करपली की शालन तिच्याकडे बघून म्हणायची, पहिल्या ओळीपासून. मास्तरांच्या घरात रबर नव्हतं, हे खरं आहे. आमच्या पोरीने, निकीने, शोधून बघितलं होतं.

आणि तिसरी गोष्ट पेढ्याची. त्यासाठीच मी लिहायला बसलोय.

बारावीचे निकाल लागले की मास्तर छत्री घेऊन घराघरात जायचे. मार्क विचारायचे नाहीत. पोरगं पाया पडलं, आईने पेढ्याची बशी पुढे केली, की बशीवर हात आडवा धरायचे. "पेढा नंतर. आधी कुठं, ते सांग." कुठं म्हणजे पुढे कुठल्या गावाला. पोरगं पुणं म्हणालं की अख्खा पेढा तोंडात. मुंबई, दिल्ली म्हणालं तरी अख्खा. बडोदं म्हणालं, की पेढा दोन बोटांनी बरोबर मधे मोडायचे, अर्धा खायचे आणि अर्धा बशीत परत ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. त्या अर्ध्या पेढ्याकडे बघून आया रडलेल्या आहेत. बाप माणसं रात्रभर पैशाची जुळवाजुळव करत बसलेली आहेत. पोराच्या कपाळावर शिक्का बसावा तसा तो बशीतला अर्धा पेढा.

मी एकदा म्हटलं, मास्तर, आपल्या गावात काय कमी आहे? विद्यापीठ आहे, बाहेरची पोरं इथे येऊन राहतात. खर्च कमी. पोरगं घरचं जेवतं.

म्हणाले, "बडोदं ही आरामखुर्ची आहे, सोनवणे. बसलं की डोळा लागतो. मी बसलोच ना."

"आणि पुण्यात काय, खिळ्यांवर बसवतात?"

"पुणं आपलं आहे," म्हणाले. "तिथं आपल्या भाषेत फळा लिहितात."

हे आपलं पुणं त्यांनी बघितलं होतं लग्नामुंजींपुरतं. पण शनिवार पेठेतून कुठे वळलं की कुठे निघतं ते पोरांना कागदावर काढून दाखवायचे. इथली जुनी मराठी माणसं अशीच. चार पिढ्या इकडे गेल्या, बाजारात गुजराती, देवापुढे मराठी, आमटीत मूठभर साखर, आणि मनातून सगळ्यांना वाटतं की तिकडे आपलं कोणीतरी दिवा लावून वाट बघतंय. मी खानदेशातून आलेला, मला माहीत होतं, तिकडे कोणी वाट बघत नसतं. पण मला कोण विचारतो.

तर मास्तरांनी गल्ली रिकामी केली. जे पोरगं जरा हुशार, ते बाहेर. आज गणपती उठवायचा म्हटलं तर मंडळ माणसं भाड्याने आणतं. पुस्तिकेत लेख पाठवणाऱ्यांतल्या कितींनी आपल्या आईला शेवटचं पाणी पाजलं, ते त्यांनी लिहावं. असो.

आमची निकी, निकिता, आम्हाला फार उशिरा झाली. लोक शालनला आजी समजायचे. पोरगी हुशार निघाली, कोणावर गेली माहीत नाही. मास्तरांच्या जिन्यावर वाढली म्हणा. बारावी चांगली झाली आणि तिला इथे, बडोद्याच्या विद्यापीठात, इंजिनियरिंगला जागा लागली. सायकलने जावं, दुपारी जेवायला घरी यावं, आणि फी मला झेपेल अशी. मी त्या दिवशी कारखान्यात वाटायला पेढे नेले.

पण पोरीच्या मनात पुण्याचं ते जुनं सरकारी कॉलेज. मोबाइलमध्ये त्याच्या दगडी इमारतीचा फोटो. भांडी घासतानासुद्धा ओल्या हाताने तो फोटो बघायची. हे खूळ वरून आलेलं होतं, जिन्यावरून.

मास्तर खाली आले. शालनने बशी पुढे केली. मास्तरांनी हात आडवा धरला.

"कुठं?"

निकीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"बडोदं," ती म्हणाली.

मास्तरांनी पेढा मोडला. अर्धा बशीत ठेवला. निकी उठून मोरीत गेली आणि तिथे नळ सोडून रडली. नळाखाली रडलं की ऐकू येत नाही असं तिला वाटायचं.

मी म्हटलं, "मास्तर, पुण्याला आम्ही बाहेरचे. बाहेरच्यांना तिथे जागा थोड्या, आणि फी बघितली का?"

"बाहेरचे?" मास्तर ताठ बसले. "महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलांसाठी तिथं वेगळी सोय आहे. नियमच आहे तसा. मातृभाषा मराठी पाहिजे. त्यांना तिथल्या मुलांसारखंच धरतात, फीसुद्धा तीच."

"नक्की?"

"सोनवणे, मी कधी न तपासता बोलतो?"

खरं सांगायचं, तर नाही बोलायचे. भेंडीसुद्धा मोडून बघणारा माणूस. शालन म्हणाली, "मास्तर म्हणतात ना, मग असेल." मास्तर म्हणतात, यावर आमच्या गल्लीत कोणी सिद्ध कर म्हणत नसे. तिथेच सगळं फसलं.

इथली जागा पक्की करायला मुदतीच्या आत पैसे भरायचे होते. मी म्हटलं, भरून तर ठेवू. मास्तर म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवून पोरगी पुण्याला पोचायची नाही. जिद्द जाते त्याने." आणि शालनला म्हणाले, "ते पैसे हॉस्टेलला लागतील." नाही भरले.

पुण्याला मी, निकी आणि मास्तर गेलो. मास्तरांनी सदरा स्वतः इस्त्री केला होता. कागद तपासायची खिडकी होती, तिथे मोठी रांग. मास्तर रांगेत सगळ्यांशी मराठीत बोलत होते, खुशीत. माझ्या कानात म्हणाले, "बघा, शिपाईसुद्धा मराठीत ओरडतोय."

खिडकीत एक तरुण बाई बसली होती. तिने फॉर्म बघितला, निकीकडे बघितलं.

"काका, हे तुम्ही कोणत्या सोयीखाली भरलंय?"

"महाराष्ट्राबाहेरचे मराठी भाषिक," मास्तर म्हणाले.

"ते सीमाभागासाठी आहे. कर्नाटकाच्या बाजूची जी वादातली गावं आहेत ना, तिथल्या मुलांसाठी. तुम्ही गुजरातचे."

"आम्ही मराठी आहोत," मास्तर म्हणाले.

"असाल ना. पण दहावी-बारावी गुजरातची आहे."

"आम्ही चार पिढ्या घरात मराठी बोलतो. मी मराठी शाळेत शिकवत होतो."

ती बाई काही वाईट नव्हती. तिने छापलेला नियम काढला, त्या ओळीवर पेन टेकवलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. मास्तरांनी वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. तेवढ्यात मागचे लोक कुरकुरायला लागले. बाई म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हाल का?"

मास्तर बाजूला झाले. छत्री खिडकीपाशीच राहिली होती, ती निकीने आणून दिली.

बडोद्याची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. तिथल्या बाकावर बसून निकी मोबाइलवर परत परत तेच पान उघडत होती. जणू दहाव्यांदा उघडलं तर तारीख बदलणार होती.

परतीच्या गाडीत मास्तर एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होतो. चुकलं म्हणतील, एवढंच. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना आडवी रेघ मारायला लावणारा माणूस. सुरत गेलं, भरूच गेलं, बडोदं आलं. जिन्याखाली आल्यावर फक्त म्हणाले, "पोरीला जेवायला घाला." आणि वर गेले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते लांबवत नाही. निकी वर्ष वाया घालवायला तयार नव्हती. पुण्याच्या बाहेर माळावरचं एक खासगी कॉलेज मिळालं, बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या जागेवर, बाहेरच्यांच्या फीने. ते दगडी कॉलेजही नाही आणि घरचं स्वस्तही नाही. मी म्हटलं, नको, पुढच्या वर्षी बघू. शालन म्हणाली, "पोरगी घरात बसून वाळेल. मी डबे करते." आणि तिने डबे सुरू केले, रावपुऱ्यातल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत. मी त्याच सुमारास निवृत्त झालो होतो, पण वाघोडियाला ठेकेदाराकडे परत लागलो. घरी डबे पोचवायला माणूस नाही.

पहिल्या आठवड्यात शालन स्वतः न्यायची. मग एका सकाळी अकरा वाजता मास्तर खाली आले. हातात दोन कापडी पिशव्या, खांद्याला छत्री अडकवलेली.

"कोणता कुठं, ते सांगा," शालनला म्हणाले.

"अहो मास्तर, हे काय? तुम्ही नाही न्यायचे."

"शालनबाई, भात निवतो आहे."

शालन मला संध्याकाळी सांगत होती आणि हसत होती आणि डोळे पुसत होती. मी म्हटलं, नेऊ दे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ताटावरून उठलो. पण मी तेव्हाही तेच म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. नेऊ दे.

ऐंशीच्या पुढचा माणूस, खजिनदारांच्या घराण्यातला, पिशव्या घेऊन रोज निघायचा. कचेरीत अर्धे साहेब त्यांचेच विद्यार्थी. एकदा सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेलो होतो, तेव्हा बघितलं. एका मोठ्या टेबलामागे एक जाडा साहेब बसलेला. मास्तर आत शिरले तसा तो खुर्ची पाडत उभा राहिला.

"सर, तमे? तुम्ही? बसा, बसा. अरे, पाणी आणा."

"तुझा डबा आहे ना? मग उघड. कढी सांडली असेल तर सांग, झाकण बदलायचं आहे."

"सर, मी शिपाई पाठवत जाईन ना रोज."

"शिपाई सरकारचा आहे. तू वर्गमूळ विसरलास, निदान एवढं तरी लक्षात ठेव."

सगळी कचेरी हसली. साहेबाचे कान लाल झाले, पण त्याने डबा उघडला आणि उभ्या उभ्याच पहिला घास घेतला. मास्तर बघत उभे राहिले. त्याने खाल्ल्यावरच पुढे निघाले. जिना उतरताना कठड्याला धरून मधेच थांबले. मी हात पुढे केला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

असं निकीचं शिक्षण चाललं, तेवढी वर्षं. पाऊस असो, ऊन असो, मास्तर अकराला खाली. चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि डबा एक दिवस चुकला नाही. लोक म्हणायचे, बघा, कसं प्रायश्चित्त. माझं म्हणणं, प्रायश्चित्त घेणाऱ्याचं पोट भरतं. शालन पहाटे उठून कणीक मळत होती ती मळतच होती.

तिला जिना चढताना धाप लागायची. आधी जिना, मग सपाट रस्ता. डॉक्टरने दवाखान्यात दाखल व्हा, हृदयाची तपासणी करून घेऊ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, पोरीची शेवटची परीक्षा होऊ दे, मग निवांत करू. मी ओरडलो. मास्तरांनीही सांगितलं, पहिल्यांदा आवाज चढवून सांगितलं. तिने दोघांचंही ऐकलं नाही. डबे बंद केले असते तर शेवटची फी राहिली असती, हे तिलाही माहीत, मलाही, मास्तरांनाही.

परीक्षा सुरू व्हायच्या आत ती गेली. सकाळी, ओट्यापाशी. गॅसवर डाळ होती.

निकीला फोन गेला, शेजारपाजारचे आले. त्या गर्दीत अकरा वाजले. मास्तरांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. ते कानाने, डोळ्याने दोन्हीने अधू झाले होते. नेहमीप्रमाणे पिशव्या घेऊन खाली आले आणि दारात उभे राहिले. ओट्यावर रिकामे डबे मांडलेले, खाली शालन. ते आत आले नाहीत. बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभे राहिले, पिशव्या दोन हातांत धरून. मग वळले आणि रस्त्याने निघाले. मला वाटलं, पळून गेले.

नंतर कळलं, ज्यांचे डबे होते त्या प्रत्येकाकडे ते गेले. "आज डबा नाही. शालनबाई वारल्या. जेवायचं बघा." एवढं सांगून पुढे. आणि पुढचे काही दिवस लोकांकडे राहिलेले रिकामे डबे ते गोळा करत होते. वर नेऊन स्वतः घासत आणि एकेक करून माझ्या दाराशी ठेवून जात. दार वाजवत नसत. ते डबे अजून माझ्या फळीवर आहेत. काय करू त्यांचं? मोडीत घालवत नाही.

निकीने तेराव्यानंतर जाऊन परीक्षा दिली. पास झाली. पुण्यातच नोकरी लागली, बरी आहे. लोक मला म्हणतात, सोनवणे, शेवटी सगळं चांगलंच झालं ना! मी त्यांना म्हणतो, हो, सगळं चांगलं झालं, फक्त स्वयंपाकघरात कोणी नाही. मग ते विषय बदलतात.

मास्तरांना अरविंद पुण्याला घेऊन गेला. वयच झालं होतं. गाडीत बसताना ते माझ्या दाराकडे बघत होते, हे मी आतून, पडद्याआडून बघितलं. बाहेर गेलो नाही.

दीड-दोन वर्षांनी, उन्हाळा संपता संपता, मी निकीकडे पुण्याला गेलो होतो. ती म्हणाली, बाबा, मास्तरांना भेटून जा. ती त्यांना अधूनमधून भेटते. कशी भेटते, मला कळत नाही. मी नको म्हटलं. ती म्हणाली, आई गेली असती भेटायला. पोरीने बरोबर जागी मारलं. बडोद्याचा लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, नेलेला होता, त्यातला एक पुडा घेतला आणि गेलो.

मोठी सोसायटी. फाटकावर वही, सही, कोणाकडे जायचं. मी म्हटलं, पोतनीस मास्तर. वॉचमन म्हणाला, "असं कोणी नाही." मी म्हटलं, म्हातारे, छत्री घेऊन असतात. त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे गुजराती आजोबा!"

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"गुजराती आजोबा हो. सगळे तेच म्हणतात. हा ने, चालो, असं बोलतात ना ते. भाजीला शाक म्हणतात. आमटीत साखर मागतात म्हणून बाई वैतागते त्यांची."

आपलं पुणं. मला हसायला यायला पाहिजे होतं. फार दिवस वाट बघितली होती मी असं काहीतरी ऐकायची. नाही आलं.

मास्तर खूप लहान झाले होते. सदरा तोच, पण आत माणूस नव्हता. मला बघून उठायला लागले, पहिल्या खेपेला उठवेना. चेवड्याचा पुडा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. बोललो थोडंफार. शालनचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

तेवढ्यात त्यांची नात आली, सई, अरविंदची मुलगी. बारावी झालेली. हातात पेढ्याची बशी. मास्तरांचा हात आपोआप आडवा आला.

"कुठं?"

सईने बापाकडे बघितलं. अरविंद माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा हिला. इथं पुण्यात स्वस्तात चित्रकलेचं कॉलेज आहे, घरून जाता येईल. ही म्हणते, बडोदं. तिथलंच पाहिजे, देशभरातून मुलं जातात म्हणे. बाहेर राहायचं, तो खर्च वेगळा."

"बडोदं, आजोबा," सई म्हणाली.

मास्तरांनी पेढा उचलला. दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता मोडणार. त्यांनी तो अख्खा तोंडात घातला. दात नव्हते, चघळायला वेळ लागला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मग अरविंद म्हणाला, "बाबा, पण तुमचं काय मत आहे? पाठवायचं का?"

जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघत दारोदार हिंडले, तो प्रश्न. मास्तर म्हणाले, "मला विचारू नका."

मी निघालो. जिन्यापर्यंत सईच आली सोडायला. खाली फाटकापाशी रिक्षा थांबवत होतो, तोच मागे काठी टेकल्यासारखा आवाज आला. मास्तर लिफ्टने एकटेच उतरले होते. बटणं लावलेली, हातात छत्री, खांद्याला ती डब्यांची कापडी पिशवी. छत्री टेकत टेकत येत होते.

"मीही येतो, सोनवणे. बडोद्याला खिडकीवर विचारून येऊ. बाहेरच्या राज्यातली मुलगी चालते का, फी कोणती लागते. तोंडी नको. छापलेलं बघू."

वॉचमन पुढे आला. "आजोबांना बाहेर सोडायचं नाही, साहेबांनी सांगितलंय. मागं एकदा स्टेशनकडे निघाले होते."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय करणार होतो? त्या वयाच्या माणसाला गाडीत घालून आणणार होतो? रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

फाटकाच्या गजाला धरून ते म्हणाले, "तुम्ही जा मग. पण खिडकीवर जा. कोणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवू नका, सोनवणे. माझ्या तर नाहीच."

एवढंच. एवढ्या वर्षांत ते एवढंच म्हणाले, आणि तेही फाटकाच्या आतून.

बडोद्याला उतरल्यावर मी घरी न जाता स्टेशनवरून सरळ त्या चित्रकलेच्या कॉलेजच्या खिडकीवर गेलो. छापलेलं मागितलं, दोनदा वाचून घेतलं आणि अरविंदला कळवलं. सई आली. आता वर, मास्तरांच्याच खोल्यांत राहते. जेवायला बाहेर जाते. मी तिला खाली बोलवत नाही, कारण खाली स्वयंपाक होत नाही. ती आली त्याच वर्षीच्या थंडीत मास्तर गेले. मला निकीचा फोन आला. मी गेलो नाही.

पण त्या दिवशी पुण्यात रिक्षा वळताना मी मागे बघितलं होतं. ऊन कडक होतं. वॉचमन त्यांचा हात गजावरून सोडवत म्हणत होता, "चला गुजराती आजोबा, आत चला, ऊन लागेल." मास्तरांनी त्याला दुरुस्त केलं नाही. छत्री उघडली, नीट डोक्यावर धरली आणि त्याच्या मागोमाग आत गेले.